वाऱ्यात कोळशाची ग्रिल कशी पेटवता? (रॉकेल सोडून सांगा)

देवपूरकर
मंडळी नमस्कार. मेव्हण्याने दिवाळीला पुण्याहून येताना कोळशाची ग्रिल आणली, गोल, तीन पायांची, वर घुमटासारखं झाकण, बुडाला फिरवायची झडप. आमचं घर धुळ्यात देवपूरला, गच्ची तिसऱ्या मजल्यावर आणि आसपास आमच्याइतकं उंच कोणी नाही, त्यामुळे वारा असा की वाळत टाकलेली चादर निम्म्या वेळा शेजाऱ्यांकडून मागून आणावी लागते.
मागच्या रविवारी पहिला प्रयोग केला. कागद लावला विझला, कापूर लावला विझला, अर्धी काडेपेटी संपली. मेव्हणा म्हणे स्कूटरमधून झाकणभर पेट्रोल काढतो, तिथे बायको आडवी आली म्हणून ते राहिलं. मग मी हुशारी केली आणि तिचा केस वाळवायचा ड्रायर लावला. पाच मिनिटं काही नाही आणि मग एकदम भडका, ठिणग्या उडाल्या त्या थेट शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, जिथे गादीचा कापूस उन्हं देऊन पसरून ठेवलेला होता. नशीब बोटभर काळं झालं आणि काकूंनी चप्पल मारून विझवलं. त्या दिवसापासून काकू बोलत नाहीत. शिवाय पनीर बाहेरून काळं आणि आतून फ्रीजमधलंच.
३१ तारखेला १४ माणसं आहेत. सुरक्षित पेटवायची कशी ते सांगा. गॅसवर करा म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

खापरावरची
गॅसवर करा.

अहिराणी भो
भो, आधी वारा कथाईन यी राह्यना ते पहाय. मंग काडी लाव. मना बाप इतलंच सांगे.

पुण्याचा जावई
पहिल्यांदा कोणीतरी मेव्हण्याला दोष न देता लिहिलंय म्हणून वाचत होतो, पण दुसऱ्याच परिच्छेदात पेट्रोल आलं. आमची जमात अशीच बदनाम होते.

साक्रीचा वारा
आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही शोभेला नाही, तेव्हा वाऱ्याचं आम्हाला विचारा. १२ वर्षं झाली शेतात नि घरी दोन्हीकडे कोळसा पेटवतोय आणि माझं मत असं की वारा शत्रू नाहीच, तुम्ही त्याला चुकीच्या ठिकाणी गाठताय. उघड्यावर पसरलेल्या कोळशात काडी लावली की वारा ज्योत पळवतो. तेच कोळसे एका उभ्या डब्यात कोंबा आणि खालून पेटवा, तोच वारा भाता होतो.
डबा बाजारातूनच आणायला पाहिजे असं नाही. पाच लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, वरचं झाकण नि खालचं बूड दोन्ही कापून काढा. खालून चार बोटं सोडून आरपार लोखंडी सळ्या घाला किंवा जाड जाळी बसवा, कोळसे त्याच्यावर बसतात. जाळीच्या खालच्या भागात चारी बाजूंनी अंगठ्याएवढी भोकं पाडा. एका बाजूला जाड तारेची मूठ, तिला लाकूड बांधा नाहीतर हात भाजतो. नवा डबा एकदा रिकामाच मोकळ्यावर जाळून काढा म्हणजे वरचा रंग जळून जातो. आणि जस्त चढवलेला पत्रा, ती पाण्याच्या टाकीची बादली वगैरे, अजिबात नको, तापल्यावर त्याचा धूर छातीला वाईट.
आता पेटवणं. दोन पेपरची पानं सैल चुरगाळायची (घट्ट गोळा केला की नुसता धुमसतो), त्यावर खायच्या तेलाचे थोडे शिंतोडे, म्हणजे कागद भुर्रकन न जळता वातीसारखा टिकतो. ते जाळीखाली. वर कोळसा. डबा ग्रिलच्या आतच ठेवायचा, खालची झडप पूर्ण उघडी, झाकण बाजूला. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि वाऱ्याच्या बाजूच्याच भोकातून काडी लावायची, म्हणजे ज्योत वारा आत ढकलतो, बाहेर ओढत नाही. १५ ते २० मिनिटं लागतात, जोराचा वारा असेल तर त्याच्या आधी. वरच्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या की ओतायचं. मध्ये मध्ये उचकायचं नाही, फुंकायचं नाही, ड्रायर तर नाहीच नाही.

देवपूरकर
@साक्रीचा वारा, हे भारी आहे. एक शंका, आडोसा करू का चारी बाजूंनी? पत्रे पडलेत घरी.

साक्रीचा वारा
चारी बाजूंनी केला तर ती भट्टी झाली. वारा येतो त्याच बाजूला, एक हात अंतर सोडून, विटांचा काटकोनी आडोसा करा, ग्रिलच्या कमरेइतका. बाकी उघडं. आणि पत्रा नुसता टेकवून ठेवू नका, तो वाऱ्याने ग्रिलवर पडतो, सांगतो म्हणजे पडलाय.

सावद्याची केळी
तुम्ही लोक पनीरसाठी एवढा खटाटोप करता हे बघून वाईट वाटतं. आमच्याकडे डिसेंबरात शेतात भरीत पार्टी असते, ५० माणसांची, कोळशाचं नावही कोणी घेत नाही. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या असतात, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, त्या रचायच्या, वर वांगी मांडायची, परत पऱ्हाट्या, एक काडी. दहा-पंधरा मिनिटांत जाळ उठून बसतो आणि वांगी तयार. त्याला पऱ्हाटीच्या धुराचा जो वास येतो तो तुमच्या घुमटात येणार नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पनीरला मिळालाय का?

तापीकाठ
@सावद्याची केळी, पऱ्हाट्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पेटवायच्या का मग? काकू बोलत नाहीत एवढ्यावर भागलंय, नंतर कोर्टात बोलतील.

सावद्याची केळी
गच्चीवर कशाला, शेतात या ना. पण खरं सांगू, वारा असेल तर आम्हीही पऱ्हाट्या पेटवत नाही. एका वर्षी पेटवल्या होत्या. वारा दिवेलागणीपर्यंत गप्प होता, एकदम फिरला आणि पेटलेली पाती उडून ४० फुटांवरच्या कडब्याच्या गंजीवर. सालदाराने गोधडी भिजवून टाकली आणि सगळ्यांनी ड्रीपच्या टाकीपासून साखळी करून बादल्या मारल्या म्हणून गंजीचा वरचा थरच गेला. वांगी कोळसा झाली ते वेगळं. त्यानंतर नियम एकच, आधी पाणी भरून ठेवायचं मग काडी. पाणी भरायला गडी पाठवलाय असं नाही, भरून समोर ठेवलेलं.

निवृत्त मास्तर
विज्ञान शिकवण्यात ३० वर्षं गेली, दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. जावयांनी हसावं.
पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, आणि ती हवेपेक्षा जड, म्हणजे जमिनीला धरून पसरते. तुम्ही कोळशावर ओतता तेव्हा ती आधीच तुमच्या पायापर्यंत आलेली असते, काडी ओढली की जाळ कोळशाला नाही, तुम्हाला शोधतो. रॉकेलची वाफ तशी पेटण्याइतकी तयार होते ती साधारण ३८ अंशांच्या पुढे. डिसेंबरात ठीक वाटेल, पण आपल्या खान्देशात मे महिन्यात सावलीतच पारा ४३-४४ असतो, म्हणजे उन्हाळ्यात रॉकेलही पेट्रोलच्या चालीने वागू लागतं. "आमच्या आजीने आयुष्यभर रॉकेल वापरलं" हे म्हणणारे मे महिन्यात उघड्या गच्चीवर ओतत नव्हते.
दुसरं, वारा किती चालेल याला यंत्र लागत नाही. झाडाची पानं नि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर, सांभाळून करता येतं. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, लहान फांद्या हलायला लागल्या की २० च्या पुढे गेला, त्या दिवशी पेटवू नका. पाहुण्यांना शेवभाजी घाला, कोणी रागावत नाही.

पुण्याचा जावई
हसलो नाही मास्तर, उलट घाबरलो. पण मग ते दुकानात बाटलीत मिळतं ते लायटर फ्लुइड? त्यावर तर ग्रिलचंच चित्र असतं.

निवृत्त मास्तर
ते थंड कोळशावर, एकदाच, पेटवायच्या आधी. मुरू द्यायचं, बाटलीचं टोपण लावून ती लांब ठेवायची, मग लांब काडीने पेटवायचं. पेटलेल्या किंवा विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशावर पुन्हा पिचकारी मारली की जाळ धारेवरून उलटा बाटलीकडे येतो. आणि वाऱ्यात ती पिचकारी जाते कुठे हे तुम्हालाही कळत नाही. माझ्या मते वाऱ्याच्या दिवशी ती बाटली कपाटात बरी.

भुसावळची सुगरण
सगळे वारा, ठिणगी, पेट्रोल बोलताहेत पण ज्याची मला भीती ते कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वारा झाला की माणूस काय करतो? ग्रिल आत घेतो.
दोन वर्षांपूर्वी दिराच्या नव्या घरी, वास्तूनंतरची पार्टी. गच्चीवर वारा सुटला, प्लेटा उडायला लागल्या, म्हणून पुरुषांनी पेटलेली शेगडी उचलून जिन्याच्या खोलीत आणली आणि वारा येतो म्हणून दार लोटून घेतलं. धूर नव्हता, कोळसे छान लाल झालेले, सगळ्यांना वाटलं वा किती छान ऊब. मी कणीक घेऊन वर गेले तर पुतणी भिंतीला टेकून बसलेली, म्हणे काकू डोकं खूप दुखतंय, मळमळतंय. मला आधी वाटलं पाणीपुरी बाधली. तिथे दुसरा पोरगाही तेच म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात आलं, दार सताड उघडलं आणि सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. पुतणीला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, रात्री उशिरा घरी आलो. डॉक्टरांनी सांगितलं की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि धूर संपला म्हणजे तो संपला असं अजिबात नाही.
म्हणून देवपूरकर भाऊ, वारा वाढला तर झाकण लावा, झडपा बंद करा आणि सगळ्यांना खाली घेऊन जा. ग्रिल आत नाही. जिन्यात नाही, पार्किंगमध्ये नाही, अर्धं शटर उघडं ठेवून सुद्धा नाही. थंडीत रात्री खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचंही हेच.

खापरावरची
वर गॅसवर करा लिहिलं होतं ते गंमत म्हणून होतं. हे वाचून अंगावर काटा आला. ताई, पुतणी बरी आहे ना आता?

भुसावळची सुगरण
हो गं, बारावीला आहे आता, मोबाईल सोडत नाही इतकी बरी आहे.

देवपूरकर
खरं सांगतो, ३१ ला वारा असेल तर जिन्याच्या टॉवरमध्ये घ्यायची हाच माझा प्लॅन बी होता. रद्द.
गच्चीचं चित्र असं: सध्या संध्याकाळी वारा उत्तरेकडून येतो आणि लळिंगच्या दिशेने जातो. उत्तरेला आमचा कठडा कमरेइतका. दक्षिणेला काकूंची गच्ची. पूर्वेला पाण्याची टाकी, प्लास्टिकची. मी ग्रिल दक्षिणेच्या कठड्याजवळ ठेवली होती कारण तिथे लाईटचा पॉइंट आहे.

अहिराणी भो
म्हणजे तू काकूले निशाना धरीसनच बठना होता.

साक्रीचा वारा
ग्रिल उत्तरेच्या कठड्याकडे घ्या पण त्याला चिकटवून नको, भिंतीच्या लगेच मागे वारा गिरक्या घेतो आणि जाळ कुठेही वळतो. टाकीपासून आणि दोऱ्यांवरच्या कपड्यांपासून निदान १० फूट. दक्षिणेकडची सगळी जागा मोकळी, तिकडे खुर्च्या नाहीत, मांडव नाही, पोरं नाहीत. माणसं वाऱ्याच्या बाजूला, धूर नि ठिणग्या दुसऱ्या बाजूला. लाईटचं एक्स्टेंशन घ्या, ते ५०० रुपयात येतं, गादी येत नाही.
अजून एक, कोळसा ओतताना. डबा उचलला की सगळ्यात जास्त ठिणग्या तेव्हाच. वाऱ्याकडे पाठ, ग्रिलच्या कडेला डबा टेकवून हळू तिरका करायचा, उंचावरून धबधबा नको. चामड्याचा हातमोजा असेल तर घाला. वेल्डिंगवाल्याकडे मिळतो.

निंबायती
कोळसा कोणता घेताय त्यावर बरंच आहे. हातगाडीवाले घेतात तो बाभळीचा किंवा मिश्र लाकडाचा ढेपळा कोळसा लवकर पेटतो पण तडतडतो, ओला असेल तर फटाके. ठिणग्यांचं मूळ ते. पोतं गच्चीवर दवात राहिलं असेल तर आधी दोन दिवस उन्हात टाका. दाबलेल्या वड्या मिळतात त्या तडतडत नाहीत, उशिरा पेटतात, जास्त वेळ टिकतात. वाऱ्याला वड्या बऱ्या. बारीक चुरा चाळून टाका, तो नुसता उडतो.

सावद्याची केळी
आणि नारळाच्या करवंट्या. तीन-चार तुकडे डब्यात कागदाच्या वर टाका, पेपर विझला तरी करवंटी धरते. देवळाजवळच्या नारळवाल्याकडे फुकट.

नंदुरबारची ताई
कपड्यांचं कोणी बोललं नाही. मी शाळेच्या सहलीत तोरणमाळला बघितलंय, पोरीची नायलॉनची ओढणी वाऱ्याने शेकोटीवर गेली आणि जळली नाही, वितळली. कातडीला चिकटली. आम्ही हातावर पाणी घातलं पण एका काकांनी मधेच टूथपेस्ट लावली, डॉक्टर ती काढता काढता वैतागले. भाजलं की वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही, चिकटलेलं कापड ओढायचं नाही. मोठं असेल तर १०८. ग्रिलजवळ उभं राहणाऱ्याने सुती कपडे, बाह्या दुमडलेल्या, ओढणी खोचलेली. मफलर काढा! डिसेंबर आहे म्हणून सगळे लोंबते मफलर घालून वाकतात.

तापीकाठ
गच्चीला डांबरी वॉटरप्रूफिंगची शीट असेल तर खाली विटांचा थर द्या. माझी शीट तीन ठिकाणी फुगली, पावसाळ्यात कळलं, तेव्हा बेडरूमच्या छतावर महाराष्ट्राचा नकाशा उमटला होता. नुसत्या काँक्रीटवर निखारे पडले तरी खपली उडते. आणि तीन पायांची ग्रिल वाऱ्यात झाकण उघडं असताना डोलते, पायांना विटा टेकवा.

देवपूरकर
मंडळी, आज रविवार, रंगीत तालीम केली. डबा स्वतः बनवला, अंगठ्याला पट्टी आहे. पहिल्यांदा सळ्या खूप खाली घातल्या, कागदाला हवाच मिळेना, धूर धूर. परत चार बोटं मोजून केलं. करवंट्या टाकल्या. उत्तरेला विटांचा आडोसा. काडी एकच लागली!! एकच!!! १३ व्या मिनिटाला वरचे कोळसे राखाडी. ओतताना थोड्या ठिणग्या उडाल्या पण गच्चीच्या मध्यावरच विझल्या. वारा होता, टाकीवरच्या पिशव्या हलत होत्या पण धूळ उडत नव्हती, मास्तरांची परीक्षा पास.
मग नवीन अडचण. झाकण उघडं ठेवलं तर कोळसे इतके लाल झाले की वांगी (हो, वांगी, केळीवाल्या भाऊंनी घाबरवलं म्हणून) पाच मिनिटांत एका बाजूने जळाली. वाऱ्यात आच कमी कशी करायची?

साक्रीचा वारा
खालची झडप अर्ध्याच्या आत घ्या आणि झाकण लावा. झाकणाची भोकं वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला फिरवा. वारा जितका जास्त तितकी झडप कमी. पाणी शिंपडू नका, वाफ नि राख दोन्ही तोंडावर येतात. झाल्यावर विझवायलाही पाणी नको, सगळ्या झडपा बंद, झाकण बंद, आपोआप विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.

सावद्याची केळी
वांगी घेतली कुठली? बामणोदची हिरवी घेतली असतील तरच पुढे बोलतो. ती मोठी असतात, जाळ कमी लागतो, आच लागते. देठ ठेवा, तेलाचा हात लावा, सुरीने दोन टोचे मारा नाहीतर फुटतात. नंतर लाकडी बडगीत ठेचायचं, मिक्सर दिसला तर मी धागा सोडून जाईन.

देवपूरकर
३१ चा अहवाल. वारा होता पण ठीक. दुपारी आई स्वतः जाऊन काकूंना बोलावून आली, मी गेलो असतो तर दार उघडलं नसतं. काकू आल्या, ग्रिलपासून सहा हातांवर खुर्ची टाकून बसल्या, पायाशी पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं, आणि रात्री अकरापर्यंत तिथून हलल्या नाहीत. मेव्हणा ग्रिलजवळ गेला की त्या बादलीच्या कडीला हात लावायच्या. पनीर संपलं, भरीत आधी संपलं. साडेदहाला वाऱ्याने जोर धरला, कागदी प्लेटा उडाल्या, तेव्हा झाकण नि झडपा बंद करून सगळे खाली आलो. दोघा-तिघांनी "जिन्यात घेऊ ना" म्हटलंच. सुगरण ताईंची गोष्ट सांगितली, गप्प झाले.

पुण्याचा जावई
मेव्हण्याच्या वतीने निषेध नोंदवतो.

भुसावळची सुगरण
बरं वाटलं वाचून भाऊ.

नंदुरबारची ताई
राखेचं काय केलं? कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकली नाही ना? आमच्या गल्लीत उकिरड्यावर शेगडीची राख ओतलेली, वरून थंड, रात्री वाऱ्याने वरचा थर उडाला आणि सकाळी कोणाच्या तरी पऱ्हाट्यांचा ढीग धुमसत होता.

देवपूरकर
नाही ताई, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून विटेवर ठेवलीय. आज दुपार झाली तरी डबा कोमट लागतोय, मला खरंच वाटलं नव्हतं. काकूंनी भांडी घासायला मागितलीय. देऊ का?

अहिराणी भो
आज नको. परवा दे. नि काकूले सांग बादली भरीसन ठेव.